घर, आडनाव आणि साक्षीदार

गेल्या पावसाळ्यात अंधेरी पूर्वेच्या आमच्या खोलीत दर रविवारी संध्याकाळी एक पुस्तक वाचले गेले. अमेरिकेचे नामांकित फौजदारी वकील क्लॅरेन्स डॅरो यांचे १९३२ साली प्रसिद्ध झालेले आत्मचरित्र. पुस्तक इंग्रजी. कायदा शिकणारा आमचा मुलगा पान वाचून मराठीत सांगे आणि आम्ही भाजी निवडता निवडता ऐकत असू.

डॉ. ओसियन स्वीट यांच्या खटल्यापाशी आमचे हात थांबले. १९२५ साली या कृष्णवर्णीय डॉक्टरांनी डेट्रॉईट शहरात गोऱ्यांच्या वस्तीत घर घेतले. जमाव आला, दगड पडू लागले. घरातून गोळ्या सुटल्या, एक गोरा इसम मेला. घरातील अकरा जणांवर खुनाचा आरोप आला. सरकारी साक्षीदार एकामागून एक सांगत, गर्दी नव्हतीच. डॅरो त्यांना विचारीत, मग तुम्ही तिथे कशाला गेला होता? पहिल्या खटल्यात ज्यूरीचे एकमत झाले नाही. १९२६ साली डॉक्टरांचे बंधू हेन्री निर्दोष सुटले. ज्यूरीतले बाराही जण गोरे होते.

त्याच १९२६ साली पुण्यात ‘देशाचे दुश्मन’ या पुस्तकाच्या खटल्यात बॅरिस्टर बाबासाहेबांनी केशवराव जेधे व दिनकरराव जवळकर यांना अपिलात सोडवून आणले. घर नाकारले जाण्याचे दुःख बाबासाहेबांनीही भोगले होते. १९१७ साली बडोद्यात पारशी नाव सांगून त्यांना पारशी धर्मशाळेत राहावे लागले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेली माणसे दारात उभी राहिली.

हे ऐकून थोरली लेक म्हणाली, “आई, तुला सांगितलं नाही. लग्नानंतरसाठी खोली बघायला गेले, तर आधी आडनाव विचारलं, मग म्हणाले जागा गेली. पुढच्या ठिकाणी मी दुसरंच आडनाव सांगितलं.”

आम्हाला बोलवेना. मुलगा म्हणाला, “ताई, अस्पृश्यता पाळून राहायला जागा नाकारणं १९५५ च्या नागरी हक्क संरक्षण कायद्यानं गुन्हा आहे. पण तोंडी नकाराला साक्षीदार कोण?”

आता खोली पाहायला बहीणभाऊ दोघे जातात. तारीख, पत्ता, झालेले बोलणे घरी येऊन वहीत लिहितात. आडनाव आपलेच सांगतात. खोली अजून मिळालेली नाही.

भगिनींनो, तुमच्या घरात कुणी शिकत असेल तर त्याला रविवारी मोठ्याने वाचायला लावा. मुलीच्या मनातले कधी कधी असेच बाहेर येते. जयभीम!