पहिला मणी

आईच्या टाचेची जखम महिनाभर भरेना. कल्चरच्या रिपोर्टात बहुतेक औषधांपुढे ‘आर’, म्हणजे जंतू दाद देत नाही. लिनेझोलिडपुढे तेवढं ‘एस’, म्हणजे दाद देतो. हे ठरतं कसं, ते बघायला मी काशीगावातल्या एका छोट्या लॅबमध्ये गेले. बाहेर मेट्रोच्या खांबांखाली हॉर्नचा गोंगाट; आत ऑटोक्लेव्हमधून निघालेल्या आगारचा, मटणाच्या अळणी पाण्यासारखा वास. तो अजून नाकातून जात नाही.

लॅबमधल्या ताईंच्या हातात दुसऱ्याच कुणाच्या पुवातून वाढवलेला स्टॅफिलोकोकस होता. आगारवर तो तीन दिशांनी फिरवला, औषधांच्या चकत्या ठेवल्या, प्लेट इन्क्युबेटरमध्ये. “आता 18 तास,” त्या म्हणाल्या.

या 18 तासांत जंतू वाढायचा तर त्याला प्रथिनं विणावी लागतात. अमिनो आम्लांचे मणी, ते ओवणाऱ्या रायबोसोमकडे आणतो टी-आरएनए. त्याच्या एका टोकाला मणी, दुसरीकडे निरोप वाचणारी तीन अक्षरं. पण पहिल्या मण्याचा टी-आरएनए वेगळाच. बाकीचे रायबोसोमवर शेजारच्या जागेत येऊन मग पुढे सरकतात. हा थेट मधल्या जागी बसतो. त्याच्या दांड्यातल्या लागोपाठ तीन जी-सी जोड्या ही त्याची ओळख. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत उमेश वार्ष्णेय यांच्या प्रयोगशाळेने या तीन जोड्यांवर वर्षानुवर्षं काम केलं आहे.

जंतूच्या या पहिल्या टी-आरएनएने आणलेल्या मण्यावर, म्हणजे मेथिओनिनवर, फॉर्मिल गटाची टोपी असते. मार्कर आणि सँगर यांना ती 1964 मध्ये सापडली. आपल्या पेशी, त्यांतल्या मायटोकॉन्ड्रिया सोडल्या तर, प्रथिनं सुरू करताना अशी टोपी घालत नाहीत. म्हणून जंतूंच्या प्रथिनांचे टोपीवाले तुकडे जाणवले की आपल्या पांढऱ्या पेशी तिकडे धावतात, तिथेच मरतात, आणि त्यांचाच पू होतो. हे कळल्यापासून आईच्या पट्टीवरच्या डागाची मला किळस येत नाही.

लिनेझोलिड रायबोसोमच्या मोठ्या तुकड्यात बसतं आणि टी-आरएनएला नीट टेकू देत नाही. साखळी वाढतच नाही.

18 तासांनी ताईंनी मोजपट्टी लावली. लिनेझोलिडभोवती 28 मिलिमीटरचं स्वच्छ वर्तुळ. अझिथ्रोमायसिनच्या चकतीला मात्र जंतू थेट भिडलेले. सर्दीपडशाला मेडिकलमधून आपल्याच मनाने आणतात ती हीच गोळी. लिनेझोलिडवर ती वेळ आणू नका.