बिनविरोध निवडीआधीची रात्र

भाजपच्या अशोक रोडवरील तत्कालीन मुख्यालयात २३ जानेवारी २०१३ रोजी राजनाथ सिंह यांची राष्ट्रीय अध्यक्षपदी बिनविरोध निवड जाहीर झाली. मतदानाची वेळ आलीच नाही. खरा निकाल आदल्या रात्रीच लागला होता.

सप्टेंबर २०१२ मध्ये सूरजकुंड येथे पक्षघटनेत दुरुस्ती करून अध्यक्षाला लागोपाठ दुसऱ्या कार्यकाळाची मुभा देण्यात आली, तेव्हा नितीन गडकरी यांची फेरनिवड गृहीत धरली गेली होती. पुढे ‘पूर्ती’ समूहासंबंधीच्या आरोपांनी चित्र पालटले. गडकरींनी आरोप फेटाळले. परंतु २२ जानेवारीला त्या समूहाशी संबंधित कंपन्यांवर प्राप्तिकर खात्याची कारवाई झाली आणि यशवंत सिन्हा यांनी उमेदवारी अर्ज घेतल्याने लढतीची शक्यता निर्माण झाली. त्याच रात्री गडकरींनी माघार घेतली आणि राजनाथ यांच्या नावावर एकमत झाले.

एकमताचे हे रसायन पक्षघटनेतच दडलेले आहे. एखाद्या राज्यातील मतदारमंडळाच्या वीस सदस्यांनी नाव सुचवावे आणि असा प्रस्ताव किमान पाच राज्यांतून यावा, ही अट श्रेष्ठींचा आशीर्वाद नसलेल्या इच्छुकाला सहसा पेलवत नाही. अर्ज भरण्याआधीच चाळण लागते.

काँग्रेसचे चित्र फार निराळे नाही. २०१७ मध्ये राहुल गांधी यांच्यासाठी ८९ अर्ज आले. प्रतिस्पर्धी एकही नव्हता. लढत झाली तेव्हाही ती एकतर्फीच ठरली. १९९७ मध्ये सीताराम केसरींना ६,२२४, शरद पवारांना ८८२, तर राजेश पायलट यांना ३५४ मते पडली. तरीही त्या ८८२ मतांची नोंद राहिली. २०२२ मध्ये मल्लिकार्जुन खर्गे यांच्याविरुद्ध शशी थरूर यांना मिळालेल्या १,०७२ मतांचेही तसेच. नाराजी किती, हे पक्षाला आकड्यांत कळले.

बिनविरोध निवडीत हा आकडाच हरवतो. मतभेद संपत नाहीत, ते केवळ मोजले जात नाहीत. राजनाथ यांच्या निवडीनंतर आठ महिन्यांच्या आत, १३ सप्टेंबर २०१३ रोजी नरेंद्र मोदी यांना पंतप्रधानपदाचे उमेदवार घोषित करताना लालकृष्ण अडवाणींची नाराजी जाहीरपणे समोर आलीच. ऐक्याचे छायाचित्र सर्वांना हवे असते. त्याची किंमत मात्र मत देण्याची संधीच न मिळालेला परिषद सदस्य मोजतो.