रिपोर्ट नॉर्मल, अंग मात्र ठणकतंय

लेडी गागा या अमेरिकन गायिकेने २०१७मध्ये आपल्याला फायब्रोमायल्जिया असल्याचं जाहीर केलं. पुढच्या फेब्रुवारीत तिने युरोप दौऱ्यातले उरलेले कार्यक्रम वेदनेपायी रद्द केले.

हे दुखणं एका सांध्यापुरतं नसतं. मान, खांदे, कंबर, मांड्या असं ते अंगभर पसरतं आणि तीन महिन्यांहून अधिक टिकतं. रात्रभर झोपूनही सकाळी अंग आंबलेलंच. बोलताना नेमका शब्द सुचत नाही, गॅस बंद केला का हे आठवत नाही. सांध्यांना सूज मात्र नसते. सूज असेल, तर शोध दुसरीकडे घ्यावा.

रक्ततपासणी, एक्स-रे बहुधा नॉर्मल. मग ‘मनाचे खेळ आहेत’ हा शेरा, बायकांना तर हमखास! वास्तविक इथे मज्जासंस्था वेदनेचे संदेश वाढवून घेते, असं मानलं जातं.

१९९०च्या निकषांनुसार डॉक्टर १८ ठरावीक जागा दाबून बघत. ११ दुखल्या की निदान पक्कं. २०१०च्या निकषांत ही दाबादाबी गेली. दुखरे भाग, थकवा, झोप आणि विसराळूपणा यांना गुण देणं सुरू झालं.

थायरॉइड मंदावल्यानं किंवा ‘ड’ जीवनसत्त्व कमी पडल्यानंही अंग दुखतं. म्हणून संधिवाततज्ज्ञ त्या तपासण्या आधी करायला सांगतात.