पैशाच्या नावातली देवी

चौतीस वर्षं बँकेत काढली. लाखोंच्या नोटा हातांखालून गेल्या, सह्या करकरून बोटाला घट्टा पडला. पण 'मनी' हा इंग्रजी शब्द आला कुठून, हे कळायला निवृत्ती उजाडावी लागली. शब्दकोशाचं बोट धरून निघालो आणि पोहोचलो थेट रोमच्या एका देवळात!

रोमच्या कॅपिटोलिन टेकडीवर ज्यूनोचं देऊळ होतं. ज्यूनो म्हणजे देवांचा राजा ज्युपिटरची पत्नी. इथं तिचं नाव होतं 'ज्यूनो मोनेता'. हे देऊळ इ.स.पू. ३४४ मधलं. पुढच्या शतकात रोमची टांकसाळ त्याच्या शेजारी आली. हळूहळू लोक टांकसाळीलाच 'मोनेता' म्हणू लागले, मग तिथं पडणाऱ्या नाण्यालाही. हाच शब्द फ्रेंचमार्गे इंग्रजीत येऊन 'मनी' झाला आणि त्याआधीच दुसऱ्या वाटेनं येऊन 'मिंट', म्हणजे टांकसाळ. शब्द असे गावं फिरतातच. आपला 'दाम' तरी कुठला? ग्रीकांच्या 'द्राख्मे'चाच तो वंशज.

पण 'मोनेता' म्हणजे काय? सिसेरो सांगतो, एकदा भूकंप झाला तेव्हा या देवळातून आवाज आला : गाभण डुकरिणीचा बळी देऊन शांत करा. सावध करणारी, म्हणून ती मोनेता. लॅटिनमध्ये 'मोनेरे' म्हणजे आठवण देणं, बजावणं. शाळेतल्या वर्गाचा 'मॉनिटर' याच धातूतून आला. आठवण जागी ठेवणारं 'मॉन्युमेंट'ही. सगळे भाषापंडित देवीच्या नावाची ही व्युत्पत्ती मानत नाहीत. पण रोमन कानाला त्या नावात इशारा ऐकू येत होता, हे खरं.

दहाव्या शतकातल्या एका बायझंटाईन कोशात आणखी एक कथा आहे. राजा पिऱ्हसशी युद्ध चालू असताना रोमनांचा पैसा संपत आला. त्यांनी ज्यूनोला साकडं घातलं. देवी म्हणाली, न्यायानं लढाल तर पैसा कमी पडणार नाही. बघा, पैसा मागायला गेले आणि देवीनं आधी अट सांगितली!

हे वाचताना मला १९९४ सालचे एक गुरुजी आठवले. निवृत्तीची पुंजी आमच्या शाखेत मुदत ठेवीत होती. ती मोडायला आले. हातात सागवान लागवडीच्या एका योजनेचं रंगीत माहितीपत्रक होतं. काही वर्षांत दामदुप्पट नव्हे, कितीतरी पट! माझ्या मनात पाल चुकचुकली. पण काउंटरवर गर्दी होती, पैसे त्यांचे होते आणि नियमात 'का मोडता?' असं विचारायची सक्ती नव्हती. "मुदतीआधी मोडलीत तर व्याज कमी मिळेल, गुरुजी," एवढंच बोललो आणि सही केली.

तीन वर्षांनी ते पुन्हा आले, पेन्शन जमा झाली का ते विचारायला. त्या कंपनीच्या दाराला कुलूप लागलं होतं. मी काही बोलायच्या आत तेच म्हणाले, "तुमचं काय चुकलं, साहेब? पैसे माझेच होते."

चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

आता घरात कुणी मोबाईलवरची भरघोस नफ्याची योजना दाखवली, की मी खोदून खोदून विचारतो. मुलं वैतागतात. "बाबा, तुम्ही फार शंकेखोर झालात," सूनबाई म्हणते. असेन.

माझ्या केबिनमध्ये खुर्चीच्या वर लक्ष्मीची तसबीर होती. दिवाळीला तिला झेंडूचा हार आठवणीनं घालत असे. त्या तसबिरीखाली बसून सावध करायचं काम मात्र माझं होतं.