पत्राची लेखनसीमा

ठाणें जिल्ह्यांत मानपाडा नांवाचीं दोन ठिकाणें आहेत: एक ठाणें शहरांत घोडबंदर रस्त्यावर, दुसरें डोंबिवलीच्या कारखान्यांनजीक. कल्पना करावी कीं, डोंबिवलीकडील मानपाड्यांत एका लहान कारखानदारानें मोठ्या कंपनीला यंत्राचे सुटे भाग पुरविले. माल पोंचून दोन महिने लोटले, पैसे मात्र आले नाहींत. स्मरण देण्यासाठीं तो ई-मेल लिहावयास बसतो. बिलाचा क्रमांक, तारीख, रक्कम हें सारें सुरळीत लिहून होतें. परंतु शेवटाशीं येऊन त्याचा हात थबकतो. ‘आपला आज्ञाधारक’ म्हणावें तर ती याचना होते. नुसतें नांव टाकावें तर राग दिसतो. आणि तेंच गिऱ्हाईक त्याला पुढेंहि हवें असतें.

हा पेंच मराठी माणसाला नवा नाहीं. शिवछत्रपतींच्या पत्रांच्या माथ्यावर मुद्रा असे आणि अखेरीस ‘मर्यादेयं विराजते’ हा लहान शिक्का असे. ‘येथें मर्यादा शोभते’ हा त्याचा अर्थ. पेशवाईच्या पत्रांत हेंच काम ‘लेखनसीमा’ या शिक्क्यानें केलें. ‘मोर्तब सुद’ हे शब्द फारसींतून आले. ‘शिक्कामोर्तब’ या शब्दांत ते आजहि नांदतात. या शिक्क्याचा उपयोग दुहेरी होता. मजकूर येथें संपला, यापुढील अक्षर लिहिणाराचें नव्हे, हें त्यानें ठरे. आणि पत्रास धन्याची संमति आहे, हेंहि कळे.

घरगुती पत्रांत शेवट हा आरंभाचा जोडीदार असे. ‘स. न. वि. वि.’ म्हणजे सप्रेम नमस्कार विनंति विशेष; असा आरंभ केल्यावर ‘कळावें, लोभ असावा, ही विनंति’ असा समारोप शोभे. इंग्रजी अंमलांत कचेरीच्या पत्रांचा सांचा आला, आणि ‘आपला विश्वासू’ व ‘आपला आज्ञाधारक’ हीं त्या सांच्याचीं भाषांतरें रूढ झालीं. इंग्रज अधिकारी आपल्या हाताखालच्या माणसासहि ‘आज्ञाधारक सेवक’ म्हणून सही करीत. तेथें तो निव्वळ शिष्टाचार होता. मराठींत मात्र तो शब्द शब्दशः वाचला जातो. म्हणून शाळेच्या अर्जांत तो खपला, तरी समान दर्जाच्या व्यापाऱ्यांत तो विसंगत ठरतो.

भारतांत सामान्य जनतेसाठीं इंटरनेटची सेवा १५ ऑगस्ट १९९५ रोजीं सुरू झाली. त्यापूर्वीं उत्तर येण्यास दिवस लागत. ई-मेल एका दिवसांत पांचदां जातो-येतो. पहिल्या ई-मेलास पूर्ण समारोप हवा. त्याच दिवशींच्या पुढील उत्तरांना नुसतें नांव पुरतें. आपोआप उमटणाऱ्या सहींत नांव, हुद्दा व दूरध्वनि क्रमांक ठेवावा, समारोपाचे शब्द ठेवूं नयेत; नाहींतर दुखवट्याच्या निरोपाखालींहि ‘शुभेच्छांसह’ उमटतें.

आतां निवड. अपरिचित कंपनी किंवा सरकारी कचेरी असेल तर ‘आपला विश्वासू’ निर्वेध आहे. लिहिणारी स्त्री असेल तर ‘आपली’, आणि संस्थेच्या वतीनें लिहावयाचें असेल तर ‘आपले विश्वासू’ म्हणावें. नित्य व्यवहारांतल्या माणसास ‘स्नेहांकित’ किंवा ‘कळावें, लोभ असावा’ चालेल. मात्र ज्या अधिकाऱ्याकडे निविदा निर्णयासाठीं पडली आहे, त्याच्याकडे लोभ मागणें बरें दिसत नाहीं. ‘धन्यवाद’ हा शब्द झालेल्या कामासाठीं राखावा. काम होण्यापूर्वींच आभार मानले, तर समोरच्याचा होकार गृहीत धरल्यासारखें होतें.

मानपाड्याच्या त्या कारखानदाराचें काय? सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांसंबंधींच्या २००६ च्या कायद्यानें, नोंदणी झालेल्या लहान उद्योगाचे पैसे देण्याची मुदत लेखी करारानेंहि ४५ दिवसांपलीकडे नेतां येत नाहीं. विलंब झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँकदराच्या तिप्पट दरानें, दरमहा चक्रवाढीनें व्याज देणें लागतें. याचा अर्थ, त्याच्या मागणीस कायद्याचा आधार आहे. तो आधार मजकुरांत, तारीख व रक्कम यांसह स्पष्ट लिहावा. समारोपांत धमकी नको आणि काकुळतीहि नको. पहिल्या स्मरणपत्राखालीं जुन्या ओळखीचा ‘लोभ असावा’ ठेवावा. उत्तर न आल्यास दुसऱ्याखालीं ‘आपला विश्वासू’ एवढेंच लिहावें. नित्याचा लोभ जाऊन त्या जागीं कचेरीची भाषा आली, हें पलीकडचा हिशेबनीस तेव्हांच ओळखतो; आणि उद्यां पैसे आले, तर पुन्हां ‘लोभ असावा’ लिहिण्यास वाट मोकळी राहते.

समारोपाचा शब्द लिहिणारा व वाचणारा यांचें त्या दिवशींचें नातें सांगतो. तें नातें जेवढें खरें असेल, तेवढेंच शब्दांत उतरवावें आणि तेथें लेखनसीमा करावी.