मवाळ माणसाचा एक प्रश्न

पाकिस्तानचे एक पंतप्रधान जन्माने मुंबई इलाख्यातले होते, असे सांगितले तर आमच्या तरुण वाचकांना नवल वाटेल. परंतु सिंध १ एप्रिल १९३६ रोजी स्वतंत्र प्रांत झाला, त्यापूर्वी कित्येक दशके तो मुंबई इलाख्याचाच भाग होता. आमचे बेळगावही तेव्हा त्याच इलाख्यात होते. महंमद खान जुनेजो यांचा जन्म १९३२ सालचा, मीरपूर खासजवळच्या सिंधडी गावचा. या गावाच्या नावाचा आंबा पाकिस्तानात मोठ्या मानाचा समजतात. हापूसच्या अभिमान्यांनी हे वाक्य उदार अंतःकरणाने वाचावे.

घराणे जमीनदारांचे, शिक्षण कराचीत आणि नंतर इंग्लंडात, तेही शेतीचे. १९६२ साली ते सांघर भागातून पश्चिम पाकिस्तानच्या प्रांतिक विधानसभेवर निवडून आले आणि पुढच्याच वर्षी मंत्री झाले. धार्मिक गुरू व राजकीय आश्रयदाते असे दोन्ही नाते ज्यांच्याशी, त्या पीर पगारांचा वरदहस्त त्यांच्यावर होता. १९७८ मध्ये जनरल झिया उल हक यांच्या मंत्रिमंडळात त्यांनी काही काळ रेल्वेखाते सांभाळले. वक्तृत्व बेताचे, वागणे सभ्य, शत्रू थोडे. एवढ्यावरच त्यांचे चरित्र संपले असते, तर आज आम्ही ही लेखणी उचललीच नसती.

झियांनी १९७७ मध्ये सत्ता बळकावली आणि १९७९ मध्ये झुल्फिकार अली भुट्टो फासावर गेले. भुट्टो सिंधी होते. त्या मृत्यूने सिंधमध्ये खोल जखम झाली आणि १९८३ च्या आंदोलनात ती उघड्यावर आली. फेब्रुवारी १९८५ मध्ये पक्षविरहित निवडणुका घेतल्यावर झियांना पंतप्रधान हवा होता तो सिंधी, आणि शक्यतो बोटाला धरून चालणारा. निवड जुनेजोंची झाली.

पदाचा देकार मिळताच या मवाळ माणसाने आभाराऐवजी एकच विचारले, लष्करी कायदा कधी उठणार? हा प्रसंग झियांच्या निकटवर्तीयांनीच पुढे सांगितला आहे. पाहुण्याने पानावर बसण्याआधीच यजमानाला घराच्या मालकीविषयी विचारावे, तसा हा प्रकार.

कायदा उठला, ३० डिसेंबर १९८५ रोजी. मात्र त्याची किंमत आधीच वसूल झाली होती. आठव्या घटनादुरुस्तीने राष्ट्राध्यक्षाला स्वतःच्या मर्जीने राष्ट्रीय विधानसभा बरखास्त करण्याचा अधिकार मिळाला. शाळेत नागरिकशास्त्र शिकवताना राष्ट्रपती मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने वागतात, हे वाक्य आम्ही मुलांकडून घोकून घेतो. त्या एका वाक्याचे मोल कळायचे तर शेजारच्या देशातले हे ५८(२)(ब) कलम पाहावे.

तरीही तीन वर्षे जुनेजो हळूहळू पाय रोवत गेले. मुस्लिम लीग पक्षाचे अध्यक्षपद त्यांनी घेतले. एप्रिल १९८६ मध्ये बेनझीर भुट्टो मायदेशी परतल्या आणि लाहोरला अफाट लोकसमुदाय लोटला, तेव्हा सरकारने त्यांची वाट अडवली नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरात जुनेजो सार्क परिषदेसाठी बंगळूरला आले होते. सेनानी व वरिष्ठ अधिकाऱ्यांनी दिमतीच्या मोठ्या मोटारी सोडून छोट्या सुझुकी गाडीत बसावे, असा फतवा त्यांनी काढला. आमच्या मते सेनानींना राज्यघटनेपेक्षा हा घाव अधिक झोंबला असावा. माणूस अधिकार सोडील, गाडी सोडणे कठीण.

खरा बेबनाव अफगाणिस्तानवरून झाला. मार्च १९८८ मध्ये जुनेजोंनी बेनझीरांसह विरोधी नेत्यांची गोलमेज बैठक बोलावली आणि १४ एप्रिलला जिनिव्हा करारावर पाकिस्तानची सही झाली. झियांना ती घाई मान्य नव्हती. त्याआधी चारच दिवस, १० एप्रिलला, रावळपिंडीच्या ओझरी छावणीतील दारूगोळ्याच्या कोठारात स्फोट झाला होता. रावळपिंडी-इस्लामाबादवर क्षेपणास्त्रांचा अक्षरशः पाऊस पडला, घरात बसलेली, रस्त्याने चाललेली माणसे दगावली. एक माजी मंत्रीही त्यात गेले. जुनेजोंनी चौकशी मांडली. तिचा रोख कोणत्या दालनापर्यंत पोचेल, हे सैन्याने ओळखले.

२९ मे १९८८ रोजी पूर्वेकडील देशांचा दौरा आटोपून पंतप्रधान परतले, विमानतळावर पत्रकारांशी बोलले आणि घरी गेले. त्याच संध्याकाळी झियांनी त्यांना बडतर्फ करून राष्ट्रीय विधानसभा बरखास्त केल्याचे जाहीर केले. पाठोपाठ प्रांतिक विधानसभाही गेल्या. जुनेजोंच्याच पक्षाचे, पंजाबचे मुख्यमंत्री नवाझ शरीफ, काळजीवाहू म्हणून खुर्चीवर कायम राहिले.

अडीच महिन्यांनी, १७ ऑगस्टला, बहावलपूरजवळ विमान कोसळून झिया गेले. सर्वोच्च न्यायालयाने बरखास्ती बेकायदा ठरवली, पण निवडणुका तोंडावर असल्याने जुने सभागृह परत आणले नाही. त्या निवडणुकीत जुनेजो सांघरमध्ये आपल्या घरच्या मैदानावरच हरले. १९९० मध्ये ते पुन्हा निवडून आले, परंतु पंतप्रधानपद शरीफ यांच्याकडे गेले. मार्च १९९३ मध्ये अमेरिकेत उपचार चालू असताना जुनेजोंचे निधन झाले. पुढच्याच महिन्यात, १८ एप्रिलला, राष्ट्राध्यक्ष गुलाम इशाक खान यांनी तेच कलम वापरून नवाझ शरीफांना घरी पाठवले. या खेपेस मात्र न्यायालयाने मे महिन्यात त्यांना पुन्हा पदावर बसवले.