महिन्याला शंभर किलोमीटर, करा हिशेब!

बारामती ते इंदापूर हे अंतर पन्नास किलोमीटरच्या आसपास. काटेवाडी, भवानीनगर, सणसर, बेलवाडी, लासुर्णे, अंथुर्णे, शेळगाव, निमगाव केतकी आणि मग इंदापूर. गाडीत बसलेल्या माणसाला दोन्ही बाजूंचा ऊस दिसतो, एखादी डुलकी लागते आणि इंदापूर येतं. आता गाडी सोडा आणि पळत निघा. मॅरेथॉन ४२.१९५ किलोमीटरची. तेवढं अंतर निमगाव केतकी मागे टाकल्यावर कुठेतरी संपतं, इंदापूर तरीही पुढेच असतं. मॅरेथॉनच्या पुढे जे काही पळायचं ते सगळं अल्ट्रामॅरेथॉन. इंदापूरला हात लावला की पन्नास किलोमीटरची अल्ट्रा झाली. आणि तिथून तसंच वळून बारामतीला परत आलात की शंभर!

एकदा शंभर पळणं हेच मुळात अचाट. पण जगात आणि आता आपल्याकडेही असे लोक निघालेत, ज्यांना एकदा पळून समाधान होत नाही. जानेवारीत एक, फेब्रुवारीत एक, मार्चमध्ये एक, एप्रिलच्या उन्हात एक, अशी वर्षभर दर महिन्याला एक अल्ट्रा. त्यासाठी लांब जायलाही नको. लोणावळ्यात फेब्रुवारीत पन्नास किलोमीटरची अल्ट्रा होते, पंधरा ऑगस्टला मुंबईत शिवाजी पार्कात बारा तासांची, डिसेंबरात सिंहगड-राजगड-तोरणा अशी किल्ल्याकिल्ल्यांवरून जाणारी. उरलेले महिने आपला बारामती-इंदापूर रस्ता आहेच. चला तर, दर महिन्याला शंभर किलोमीटर धरू आणि वर्षाचा हिशेब मांडू.

बारा शंभऱ्या, म्हणजे १,२०० किलोमीटर. मुंबई-पुणे रेल्वेने १९२ किलोमीटर. म्हणजे सीएसएमटीहून रुळांच्या कडेने पळत पुण्याला जायचं, परत मुंबईला यायचं, असं तीन वेळा जाऊन-येऊन करायचं आणि सातव्यांदा निघून डोंबिवली गाठायची. बोरघाट सहा वेळा! तीन वेळा चढून, तीन वेळा उतरून.

आता पावलं मोजू. पळताना एक पाऊल साधारण एक मीटरचं धरा. शंभर किलोमीटरला एक लाख पावलं, वर्षाला बारा लाख. पण पाऊल नुसतं पडत नाही, ते आपटतं. पळताना दर पावलाला जमिनीवर शरीराच्या वजनाच्या अडीचपट जोर येतो असं शास्त्रज्ञ सांगतात. साठ किलोचा माणूस घ्या, एका पावलाला दीडशे किलो. दीड क्विंटल, एका पायावर, क्षणभर. मग पुढचा पाय, पुन्हा दीड क्विंटल. असं लाखभर वेळा केलं की एका अल्ट्रात १५,००० टन होतात. पंधरा हजार टन! हा आकडा समजायला बारामती-इंदापूरइतकी चांगली जागा नाही, कारण इथे टन म्हणजे काय ते शाळकरी पोरालाही कळतं. दिवसाला ५,००० टन गाळणारा साखर कारखाना डोळ्यांपुढे आणा. ट्रकमागे ट्रक, ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या, बैलगाड्यांची रांग, रात्रभर चालणारी गव्हाण. अशा कारखान्याचा तीन दिवसांचा सगळा ऊस, तेवढा भार एका माणसाच्या दोन पायांनी एका दिवसात पेलला. बारा अल्ट्रांचे १,८०,००० टन. म्हणजे छत्तीस दिवसांचं गाळप! एका मालगाडीत ३,६०० टन माल मावतो असं धरलं तर पन्नास मालगाड्या. त्या एकामागे एक उभ्या केल्या तर बारामतीहून निघालेली रांग इंदापूरच्या अर्ध्या वाटेच्याही पुढे जाईल. आणि हे सगळं दोन घोट्यांवर आणि दोन गुडघ्यांवर.

बरं, एवढ्या कामाला इंधन किती? इथे तर मला थक्क व्हायला होतं. पळताना किलोमागे, किलोमीटरमागे साधारण एक कॅलरी जळते. साठ किलोच्या माणसाला शंभर किलोमीटरला सहा हजार कॅलरी. ती सगळी साखरेतून काढायची म्हटली तर लागते फक्त दीड किलो साखर. वर्षाच्या बारा अल्ट्रांना अठरा किलो. आणि अठरा किलो साखरेला, अकरा टक्के उतारा धरला, तर ऊस लागतो एकशे चौसष्ट किलो. दोन क्विंटलसुद्धा नाही! छत्तीस दिवसांच्या गाळपाएवढा भार पायांवर झेलायचा आणि त्यासाठी जाळायचा बांधावरचा एवढासा ऊस. रुपयांत बघा. साखर पंचेचाळीस रुपये किलो धरली तर १,२०० किलोमीटरचं इंधन ८१० रुपयांचं. किलोमीटरला सत्तर पैसेसुद्धा पडत नाहीत. माणसाच्या शरीरासारखं काटकसरी इंजिन अजून कुठल्या कारखान्यात बनलेलं नाही, असं मी अगदी मनापासून म्हणेन.

आणि त्या इंजिनाचा पंप? मुठीएवढं, पाव किलोच्या आसपास वजनाचं हृदय. शंभर किलोमीटरला चौदा तास धरू. मिनिटाला १४० ठोके, म्हणजे चौदा तासांत १,१७,६०० ठोके. घरी बसलेल्या माणसाचं हृदय अख्ख्या दिवसरात्रीत एक लाखाच्या आसपास ठोके देतं. म्हणजे पळणाऱ्याने दिवस मावळायच्या आत पूर्ण दिवसाचे ठोके वापरून वर आणखी खर्च केले. दर मिनिटाला पंधरा लिटर रक्त फिरवलं तर चौदा तासांत १२,६०० लिटर. दुष्काळात ज्या टँकरची वाट बघत गाव चौकात उभं राहतं, तो बारा हजार लिटरचा टँकर या मुठीएवढ्या पंपाने एका दिवसात भरला आणि वर सहाशे लिटर उरले. वर्षाला असे बारा टँकर. वीज नाही, डिझेल नाही, लोडशेडिंगचा प्रश्नच नाही.

इथपर्यंत आपण एका साध्या, जिद्दी माणसाचा हिशेब केला. आता मोठ्या मंडळींकडे जाऊ.

पुण्याचे आशिष कासोदेकर. २८ नोव्हेंबर २०२१ ला त्यांनी एक मॅरेथॉन पळली. दुसऱ्या दिवशी दुसरी. तिसऱ्या दिवशी तिसरी. २६ जानेवारी २०२२ ला साठावी. साठ दिवस, साठ मॅरेथॉन, एकही सुट्टी नाही, आणि गिनीज बुकात नोंद. गुणाकार केला तर २,५३१.७ किलोमीटर. मुंबई-पुणे तेरा वेळा! आपण वर्षभरात बारा शंभऱ्या मोजत होतो, या माणसाने दोन महिन्यांत पंचवीस शंभऱ्यांचं अंतर कापलं. दोन वर्षांचा कोटा साठ दिवसांत. आणि त्याच्याही आधी, २०१९ मध्ये, ते लडाखमध्ये ५५५ किलोमीटरची 'ला अल्ट्रा' पळाले होते. बारामती-इंदापूर अकरा वेळा. तेही सपाट उसाच्या पट्ट्यातून नाही, तर खारदुंग-लासारख्या खिंडींतून. ती खिंड ५,३५९ मीटर उंच. कळसूबाईवर कळसूबाई, तिच्यावर आणखी एक कळसूबाई ठेवली तरी त्या उंचीला पोचत नाही.

लिथुआनियाचा अलेक्झांडर सोरोकिन २०२२ साली इटलीतल्या व्हेरोनात चोवीस तास पळाला. अंतर भरलं ३१९.६१४ किलोमीटर. हे कसं समजून घ्यायचं? पुण्याहून रुळांच्या कडेने निघा, सीएसएमटीला जा, तिथून उलट फिरा आणि लोणावळ्याला या. १९२ अधिक १२८, बरोबर ३२०. काल सकाळी पुण्यातून निघालेला माणूस मुंबई करून आज सकाळी लोणावळ्यात हजर! तासाला सव्वातेरा किलोमीटर, चोवीस तास. एवढ्या वेगाने पाच मिनिटं पळून बघा, म्हणजे या आकड्याचं वजन कळेल.

आणि न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात दरवर्षी एक शर्यत होते, ३,१०० मैलांची. ८८३ मीटरच्या एकाच चौकोनी रस्त्याला ५,६४९ फेऱ्या, मुदत ५२ दिवस. अंतर जवळजवळ ४,९९० किलोमीटर. रोजची सरासरी ९६ किलोमीटर. म्हणजे दररोज, रोजच्या रोज, बारामती-इंदापूर जाऊन-येऊन, बावन्न दिवस! महिन्याला एक शंभरी पळणाऱ्याला एवढं अंतर कापायला चार वर्षं लागतील.

आता श्वास घ्या, कारण खरा मोठा हिशेब पुढे आहे. तो न्यूयॉर्कमध्ये नाही आणि लडाखमध्येही नाही. तो याच बारामती-इंदापूर रस्त्यावर आहे.

महिन्याची वारी करणारे वारकरी आपल्याला माहीत आहेत. दर शुद्ध एकादशीला पंढरपूर. आज बरेच जण एसटीने जातात, पण पायी महिन्याची वारी करण्याची परंपरा जुनी आहे. इंदापूरहून पंढरपूर साठ-सत्तर किलोमीटर. साठच धरू. जाऊन-येऊन १२०. बारा महिन्यांचे १,४४० किलोमीटर, म्हणजे मुंबई-दिल्ली राजधानीच्या १,३८४ किलोमीटरहून जास्त. दरवर्षी! एखाद्याने तीस वर्षं पायी वारी चुकवली नाही, तर ४३,२०० किलोमीटर. पृथ्वीला विषुववृत्तावर फेरी मारायला ४०,०७५ लागतात. पृथ्वीप्रदक्षिणा घालून झाली आणि वर तीन हजार किलोमीटर शिल्लक. अधिक महिन्यांच्या वाऱ्या तर अजून मोजल्याच नाहीत. तीस वर्षांत असे अकरा अधिक महिने येतात. महिन्याला एक अल्ट्रा ही कल्पना नवी आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी हा आकडा जरूर लिहून ठेवावा. पायात वहाणा, हातात पताका, ना घड्याळ, ना पदक.

आणि आषाढी! तुकोबारायांचे धाकटे चिरंजीव नारायण महाराज यांनी १६८५ साली पालखी सोहळा सुरू केला. देहू ते पंढरपूर सुमारे २५० किलोमीटर. बारामतीत शारदा प्रांगणात मुक्काम, काटेवाडीत धोतराच्या पायघड्या आणि मेंढ्यांचं रिंगण, सणसर, बेलवाडीचं रिंगण, निमगाव केतकी, इंदापूर. वारकरी नेमके किती, हा वाद बाजूला ठेवून गणिताला सोपे म्हणून एक लाख धरू.

एक लाख माणसांनी दिवसाला तीन-तीन लिटर पाणी प्यायलं तर तीन लाख लिटर. आठ मीटर व्यासाच्या विहिरीत सहा मीटर पाणी असेल, तर रोज अशी एक विहीर तळापर्यंत रिकामी. पंचवीस टँकर, रोज. दिवसाला चार-चार भाकरी धरल्या तर चार लाख भाकरी. अर्ध्या सेंटिमीटर जाडीची भाकरी एकावर एक रचत गेलात तर चवड २,००० मीटर, कळसूबाईच्या १,६४६ मीटरना खाली टाकून ढगांत. आणि ही चवड त्या रस्त्यावरच्या गावांतल्या चुलींवर रोज नव्याने उभी राहते. पालखी येणार म्हणून एकेका घरात दिवसभर थापलेल्या भाकऱ्या ज्यांनी पाहिल्यात, त्यांना या आकड्याचं नवल वाटणार नाही, अभिमान वाटेल.

पावलं? चालताना पाऊल साठ सेंटिमीटरचं. २५० किलोमीटरला चार लाखांहून जास्त पावलं, एका माणसाची. एक लाख माणसांची चार हजार कोटींहून जास्त. पृथ्वीवर आज माणसं आठशे कोटी. प्रत्येकाच्या वाट्याला पाच-पाच पावलं येऊनही वारीची पावलं संपत नाहीत!

आता अंतर. एक लाख माणसं गुणिले २५० किलोमीटर, अडीच कोटी किलोमीटर. चंद्र आपल्यापासून ३,८४,४०० किलोमीटरवर. म्हणजे चंद्रावर जाऊन परत, जाऊन परत, असं बत्तीस वेळा. एका आषाढीत, एका पालखीबरोबर, एकेरी वाटेत.

आणि एकच पालखी कशाला? आळंदीहून ज्ञानोबारायांची निघते, पैठणहून नाथांची, त्र्यंबकेश्वरहून निवृत्तिनाथांची, मुक्ताईनगरहून मुक्ताबाईंची, गावोगावच्या दिंड्या वेगळ्याच. सगळ्या वाटांवर मिळून सहा लाख माणसं धरा आणि प्रत्येकाच्या नावावर सरासरी २५० किलोमीटर टाका. पंधरा कोटी किलोमीटर! पृथ्वीपासून सूर्य जवळजवळ तेवढ्याच अंतरावर आहे. प्रकाशाला हे अंतर कापायला आठ मिनिटं वीस सेकंद लागतात. सहा लाख वारकऱ्यांना मिळून सुमारे वीस दिवस.